सील तुटलं तर माल तुमचा

टेंपो आला तेव्हा मावशी गोदामाच्या दारात उभी राहून पोरांची हजेरी घेत होती. तशी ती खरी मावशी एकाचीच, संस्था काढणाऱ्या सरांची. पण वर्गातली अठराच्या अठरा पोरं तिला मावशीच म्हणायची. सरांना सगळे सर म्हणायचे, ती मात्र सोन्या म्हणायची. त्याची दुपटी तिने धुतली होती. "संस्थेत तरी सोन्या म्हणू नकोस गं," असं त्याने एकदा सांगून बघितलं. "मग काय, सोनेराव म्हणू?" असं ती म्हणाली, तेव्हापासून त्याने तो नाद सोडला.

मावशीने बावीस वर्षं कपडे धुवायची मशीनं दुरुस्त केली होती. दुकान नवऱ्याचं. त्याची पाठ धरली आणि तो गल्ल्यावर बसला, ही मशीनखाली शिरली. अडीच वर्षांपूर्वी सोन्या तिच्याकडे आला. चांगली नोकरी सोडून आला होता. "मावशी, तुझ्या हातात जे आहे ना, ते गरिबाच्या पोरांना दे. आपण त्यांना त्यांच्या पायावर उभं करू," असं म्हणाला, आणि म्हणताना त्याचे डोळे भरले होते. ते खोटं नव्हतं. पहिले सहा महिने तो स्वतः गोदाम झाडायचा, बाकं डोक्यावरून आणायचा. तिला वाटलं, आपल्या घरात असं पोर निपजलं, आणखी काय पाहिजे.

म्हणून ती दारोदार फिरली. "माझ्या शब्दावर पाठवा," असं तिने आयाबापांना सांगितलं. इस्त्रीवालीने आपल्या मुलीला पॅकिंगच्या कामावरून काढून वर्गात घातलं, ते मावशीच्या शब्दावर. ती मुलगी प्रत्येक गोष्टीत वाद घालायची म्हणून तिचं नाव वकील पडलं होतं.

पण वर्गात होतं काय? आतडी काढलेलं एक जुनं मशीन. मोटर नाही, पंप नाही, नुसता डबा. भिंतीवर एक रंगीत चित्र. बाकी सगळं मावशीच्या पिशवीतून यायचं. जळका पंप, तुटका पट्टा, गिऱ्हाइकाने टाकून दिलेलं सर्किटचं कार्ड. नवी मशीनं कधी येणार असं विचारलं की सोन्या म्हणायचा, पुढच्या महिन्यात. पुढचा महिना दहा वेळा येऊन गेला.

त्याआधीची तुकडी चौदा जणांची. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये परीक्षा असते. बिघडलेलं मशीन पुढ्यात ठेवतात, चाळीस मिनिटांत बिघाड शोधून चालू करून दाखवायचं. चौदाच्या चौदा नापास होऊन परत आले. सर म्हणाले, पोरांना मेहनतच नको. मावशीनेही ते मानलं आणि पोरांना फैलावर घेतलं. तेव्हा त्यांतला एकजण खाली मान घालून म्हणाला होता, "मावशी, चालू मशीन आतून कसं दिसतं ते आम्ही त्या दिवशीच पहिल्यांदा बघितलं."

आणि आता, परीक्षेला एक महिना राहिला असताना, बारा कोरी मशीनं टेंपोतून उतरत होती.

पोरं वेडी झाली. लंबू नावाचा उंच पोरगा आधी हात पँटला पुसायचा आणि मग मशीनला लावायचा. वकील प्रत्येकाचं दार उघडून आत डोकं घालून वास घेत होती. "मावशी, नव्या मशीनला वास येतो!" मावशी हसत होती. मनातल्या मनात तिने सोन्याला दिलेल्या सगळ्या शिव्या परत घेतल्या.

टेंपोवाल्याने तिच्यापुढे गुलाबी कागद धरला. "बाई, इथं सही करा. आणि परत न्यायला पाचला येऊ ना?"

"परत?"

"भाड्याची आहेत ना. एका दिवसाची. जाहिरातवाल्यांनाही आम्हीच पुरवतो." तो एका मशीनच्या मागे वाकला. वरच्या झाकणाच्या स्क्रूवर चांदीच्या रंगाची चिकटपट्टी होती. "हे सील तेवढं जपा. बाकी पुसा, फोटो काढा, काही करा. सील तुटलं तर माल तुमचा. तुमच्या सरांनी पूर्ण किमतीची ठेव भरलीय, तसं लिहूनही दिलंय."

मावशीने सही केली. कागद घडी करून कंबरेला खोचला. मग पोरांना मशीनं ओळीने लावायला सांगितलं.

साडेआठला सोन्या आला. इस्त्रीचा शर्ट, हातात छापील कागदांचा गठ्ठा. मावशीने त्याला बाजूच्या खोलीत ओढलं.

"भाड्याची आणलीस?"

"हळू बोल."

"दहा महिने पोरांना पुढचा महिना, पुढचा महिना करत झुलवलंस, आणि आणलीस ती भाड्याची?"

"मावशी, तुला हे जग कळत नाही." तो चिडला नव्हता, हीच मोठी गंमत होती. लहान मुलाला समजवावं तसं बोलत होता. "रिकाम्या खोलीला कुणी पैसे देत नाही. आज पाहुणे येतील, वर्ग भरलेला बघतील, पोरांची गोष्ट ऐकतील. मग पुढच्या वर्षी खरी मशीनं येतील. आधी दिसावं लागतं, मग होतं."

"गेल्या वर्षी पाहुणे आले तेव्हा शिलाईची मशीनं होती. ती तू दुसऱ्या केंद्रावर पाठवली म्हणालास. कुठंय ते केंद्र?"

सोन्याने फोनकडे बघितलं. "होणारेय."

"म्हणजे तीही भाड्याची."

"मी स्वतःसाठी करतोय का हे? गाडी तरी घेतली का मी? मावशी, मला बाहेर किती लोकांपुढे हात पसरावे लागतात, तुला माहितीये का?"

"तू कुणापुढे हात पसरतोस ते मला नको सांगू. मी कुणाच्या दारात जाऊन शब्द दिलाय ते बघ."

तो दमल्यासारखा हसला. गठ्ठा तिच्या हातात दिला. "मी पाहुण्यांना आणायला निघालो. बारापर्यंत येतो. प्रत्येक पोराने मशीनजवळ उभं राहायचं, हातात स्क्रूड्रायव्हर धरायचा. फिरवायचा नाही. आणि प्रत्येकाने काय बोलायचं ते यात लिहिलंय. पाठ करून घे." गाडीचं दार वाजलं, तो गेला.

मावशीने कागद वाटले. लंबूने आपला मोठ्याने वाचला. "मी पूर्वी चोऱ्या करत होतो. आज माझ्या हाताला काम आहे." त्याने मान वर केली. "मी कधी केल्या चोऱ्या?"

"आता करून टाक," कुणीतरी म्हणालं, "छापून आलंय तर." सगळे हसले.

मग वकीलने आपला वाचला. "माझे वडील दारू पिऊन मला मारतात. संस्थेने मला नवा जन्म दिला." या वेळी कुणी हसलं नाही. तिचे बाबा रोज सकाळी तिला सायकलवरून दारापर्यंत सोडायचे, ते सगळ्यांना माहीत होतं. तिचा आवाज बारीक झाला. "मावशी, माझे बाबा चहासुद्धा पीत नाहीत हो."

मावशीने तिच्या हातातला कागद घेतला, चुरगाळला आणि खाली टाकला. मशीनं खोटी आणली, ते एक झालं. पण हा पोरगा या लेकराच्या बापाला दारुडा करून विकत होता. आणि ते लेकरू तिने स्वतः, स्वतःच्या तोंडाने मागून आणलं होतं.

"ऐका," ती म्हणाली. "ही मशीनं संध्याकाळी परत जाणार आहेत. भाड्याची आहेत. फोटोपुरती."

लंबूने मशीनवरचा हात हळूच काढून घेतला. काही चोरताना पकडला गेल्यासारखा. तो हात काढून घेताना बघितला आणि मावशीचं ठरलं.

तिने कंबरेचा गुलाबी कागद काढून उलगडला आणि वाचून दाखवला. सील तुटलं तर माल तुमचा. खाली सोन्याची सही, लफ्फेदार.

"दार लावून घ्या. ज्याला जायचं असेल त्याने आत्ता जा, मी काही म्हणणार नाही. जे होईल ते माझ्या डोक्यावर. बाकीच्यांनी पाने-स्क्रूड्रायव्हर काढा."

दोघं भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांचं चूक नव्हतं, घाबरण्यासारखंच होतं. बाकीचे सोळा पुढे आले. पहिलं सील मावशीने नखाने ओढलं. चर्रकन आवाज झाला. उरलेली अकरा पोरांनी फोडली.

"मागचे दोन स्क्रू. झाकण मागे सरकवा, मग उचला. जबरदस्ती नको, ती सासूवर करा. स्क्रू वाटीत. प्रत्येक वाटीवर चिठ्ठी."

झाकणं निघाली आणि सगळ्यांनी आत डोकी घातली. दहा महिने भिंतीवर बघितलेलं चित्र समोर होतं, आणि चित्राहून कितीतरी दाट होतं.

"मावशी, आत दगड आहे!" लंबू ओरडला. "सिमेंटचा! पैसे घेऊन दगड विकतात?"

"तो नसेल तर कपडे पिळताना मशीन नाचत नाचत शेजारणीच्या घरी जाईल. वजन आहे ते. नीट सोडव, पायावर पडलं तर नाचशील तू."

वकील पालथी पडून खालून पंप काढत होती. पट्टा उतरला, शॉकअप निघाले, दाराचं रबर त्याच्या स्प्रिंगसकट हातात आलं. मावशी एकीकडून दुसरीकडे पळत होती. बोटांनी दाखवत होती, ओरडत होती, एकाच्या पाठीत धपाटा घालत होती. भिंतीशी उभ्या दोघांपैकी एकजण केव्हा आला आणि वायरींना खुणा बांधू लागला, ते तिला कळलंही नाही. दुसरा शेवटपर्यंत तिथेच राहिला.

पावणेबाराला दार उघडलं तेव्हा गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. बारा मशीनं सुट्या तुकड्यांत फरशीवर मांडलेली, मधोमध कोपरापर्यंत काळी झालेली पोरं.

सोन्या उंबऱ्यात थिजला. चेहरा चुन्यासारखा पांढरा. पण त्याच्या मागून आलेले सात पाहुणे खूश झाले. एकजण म्हणाला, "वा! याला म्हणतात शिक्षण!" दुसऱ्याने फोन काढून फोटो घ्यायला सुरुवात केली.

आणि सोन्या सावरला. मावशीने आपल्या डोळ्यांनी बघितलं. दोन श्वासांत त्याच्या तोंडावर हसू आलं. "आमची पद्धतच ही आहे," तो म्हणाला. "हाताने शिकायचं. पहिल्या दिवसापासून."

पाहुण्यांत पांढऱ्या केसांची एक बाई होती. काठी टेकत ती वकीलजवळ आली. एका उपड्या डब्यावर बसली. "हे काय गं, बाळा?"

"पंप. घाण पाणी बाहेर टाकतो. यात नाणी अडकतात, केसांच्या पिना अडकतात."

"किती उघडलेस आत्तापर्यंत?"

वकीलने मावशीकडे बघितलं. मावशीने डोळ्यांनीही काही सांगितलं नाही. मुलीने स्वतःच ठरवलं. "चालू मशीनमधला हा पहिलाच. दहा महिने आम्ही चित्र बघत होतो. ही मशीनं संध्याकाळी परत जाणार होती, म्हणून उघडली."

"मुलं फार थट्टेखोर आहेत," सोन्या हसत म्हणाला.

म्हातारीने मान वळवून मावशीला विचारलं, "बाई, तुम्ही शिकवता ना? खरं काय?"

मावशीने गुलाबी कागद तिच्या हातात दिला. वर तो चुरगाळलेला कागदही उचलून दिला. "हा मशीनांचा. आणि हा हिच्या बापाचा. तो दारू पीत नाही. इस्त्रीच्या दुकानात बायकोला मदत करतो. तुम्हाला रडवायला त्याला दारू पाजली आम्ही. आम्ही म्हणते, कारण मीही इथला पगार घेतला, आणि दहा महिने तोंड दाबून बसले."

म्हातारीने दोन्ही कागद वाचले. बाकीचे पाहुणे तोवर फराळाच्या टेबलाकडे वळले होते. ऐकू आलं नाही असं दाखवणं त्यांना सोपं गेलं. म्हातारीने सोन्याला एवढंच विचारलं, "परीक्षा कधी आहे?"

"महिन्याने."

"मी येईन. हीच बाई शिकवत असेल ना तोवर?"

"हो," सोन्या म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

पाहुणे गेल्यावर तो फुटला. पोरांसमोरच. "माझं वाटोळं केलंस तू! ठेव सगळी बुडाली. त्या पैशांत नव्या केंद्राचं उद्घाटन होणार होतं!"

"आधी हे केंद्र तरी कर."

"घरच्या माणसानेच पाठीत सुरा खुपसावा!"

"पाठीत? पुढून, दिवसाढवळ्या, अठरा साक्षीदारांसमोर खुपसलाय मी. आणि घरच्या माणसाने नाही तर कुणी करायचं? या पोरांनी? त्यांना तर तू चोर ठरवून बसलायस!" तिचा आवाज फाटला. "मी चौदा पोरांना आळशी म्हटलं, सोन्या. तुझं ऐकून. त्यांच्या तोंडावर. आणि ती बिचारी मान खाली घालून ऐकत होती!"

पाचला टेंपोवाला आला. फरशीवरचा पसारा बघून त्याने शीळ घातली. "सील तुटलं की हो."

"तुटलं नाही, तोडलं," मावशी म्हणाली.

त्याने मालकाला फोन लावला, दोन मिनिटं ऐकून घेतलं, पावती फाडून सोन्याच्या हातात दिली आणि रिकामा टेंपो घेऊन गेला. जाताना मात्र लंबूला हळूच विचारलं, "हे सगळं परत बसतं का रे?"

बसायला चार दिवस लागले. एका मशीनचे तीन स्क्रू उरले, म्हणून ते पुन्हा खोललं. मग मावशीने रोजचा नेम लावला. संध्याकाळी जाताना ती कुठल्यातरी मशीनमध्ये बिघाड करून ठेवायची, वायर काढून, पंपात चिंधी कोंबून, आणि सकाळी पोरांनी तो शोधायचा. त्या महिन्यात मावशी आणि भाचा एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. वकील मधे उभी राहायची. "सर, मावशी म्हणतात पाण्याचा नळ गळतोय." "तिला सांग, प्लंबर येईल." दोघं चार हातांवर.

त्याच महिन्यात, दर रविवारी, ती जुन्या चौदा पोरांच्या घरी गेली. चूक तुमची नव्हती, आमची होती, असं प्रत्येक दारात सांगितलं. काहींनी पाणी विचारलं. एका आईने दार अर्धंच उघडून ऐकलं आणि म्हणाली, "वर्षभर याचा बाप याला नालायक म्हणतोय. आता सांगून काय उपयोग?" मावशी पायऱ्या उतरली आणि पुढच्या घरी गेली.

परीक्षेला म्हातारी आली, शेवटपर्यंत बसली. अठरांतले अकरा पास झाले. वकील पहिली, एकवीस मिनिटांत. लंबूने बिघाड बरोबर ओळखला, पण घाईत पट्टा उलटा चढवला, तो नापास. अशी सात पोरं राहिली. बाहेर येऊन लंबू पायरीवर बसला आणि मावशीकडे न बघता म्हणाला, "आणखी एक महिना मिळाला असता तर..."

तेवढ्यात सोन्या आला. महिन्याभराने पहिल्यांदा तो तिच्याशी सरळ बोलला. त्याचे डोळे ओले होते, पहिल्या दिवसासारखेच. "मावशी, अकरा! बघ, शेवटी सगळं चांगलंच झालं ना? त्या आजी पुढच्या वर्षीही पैसे द्यायचं म्हणतायत. मी तुझ्यावर रागावलो, ते सोडून दे. फोटोत ये."

त्या क्षणी तिला जेवढा राग आला तेवढा बारा मशीनं भाड्याची निघाली तेव्हाही आला नव्हता.

"चांगलं झालं?" ती म्हणाली. "चांगलं तू केलंस का? एका महिन्यात अकरा झाले, सोन्या. दहा महिने मिळाले असते तर हा पायरीवर बसला नसता. या सातांना तू जाऊन सांग. माझ्यामुळे झालं म्हण. एवढं एकच वाक्य, आणि तेही मी छापून देणार नाही."

"असं उघड बोललं तर संस्था टिकेल का? अजून हजार पोरं यायचीत, त्यांचा विचार कर."

"जी आलीच नाहीत त्यांच्यासाठी आलेल्यांना किती दिवस खाणार?"

फोटोवाल्याने हाक मारली, तसा तो गेला. मावशीने पिशवी उचलली, लंबूला कोपरापासून धरून उठवलं आणि चालू लागली. पगार घ्यायलाही ती पुन्हा गोदामात गेली नाही.

दोन आठवड्यांनी तिची बहीण, सोन्याची आई, दुकानात आली. बसली नाही. "तो नीट जेवत नाही तुझ्यामुळे," ती म्हणाली. मावशी एका मशीनचं बेअरिंग ठोकून काढत होती. तिच्याशेजारी लंबू आणि नापास झालेली आणखी एक मुलगी उकिडवी बसली होती. सातांना ती पाळीपाळीने दोन दोन करून बोलवायची, गिऱ्हाइकांच्या मशीनांवर शिकवायची.

"चांगलं काम करतोय पोरगा. थोडंफार इकडचं तिकडे होतंच. सख्ख्या भाच्यावर एवढा राग धरतात का?"

"परक्यावर धरून काय करू? परका माझं ऐकणारेय का?"

"म्हणजे तू बोलणार नाहीस त्याच्याशी."

"त्याला त्या सात घरी जायला सांग. मीही तिथेच येईन. तिथे बोलू."

बहीण पदर सावरून निघून गेली. दारातून बाहेर पडताना ती रडत होती, ते मावशीला दिसलं. धावत जाऊन तिला धरावं असं वाटलं, पण ती उठली नाही. राग अजून गेला नव्हता आणि तो जावा असं तिला वाटतही नव्हतं. तिने हातोडी पुन्हा उचलली.

"बघताय काय?" ती लंबूवर खेकसली. "मागून आधार दे. आणि मुकाट्याने मोज, किती घाव लागतात ते."